वाचकांचे प्रश्न : पोटमाळ्यावर सापडलेली ड्रॅगनची कॅसेट

प्रश्न : गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या दिवंगत काकांच्या काही व्हिडिओ कॅसेटी सापडल्या. काका 1980 च्या दशकात मस्कतला नोकरीला होते. बहुतेक कॅसेटींत घरातली लग्ने आणि बारशी आहेत. एका कॅसेटीच्या वेष्टनावर मात्र ड्रॅगनचे चित्र असून 'द फ्लाइट ऑफ ड्रॅगन्स' असे नाव छापलेले आहे. लहानपणी ती पाहिल्याचे अंधुक आठवते. माझा भाचा म्हणतो की हा चित्रपट 'घिब्ली' या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओवाल्यांनी केलेला आहे आणि परदेशातले संग्राहक अशा कॅसेटीला भरपूर पैसे मोजतात. यात तथ्य किती? कॅसेट विकावी की ठेवावी? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या भाच्याचे पहिले विधान अर्धे खरे आहे आणि दुसरे बरेचसे ऐकीव आहे. पण कॅसेट टाकून देऊ नये, हे आधीच सांगतो.

'द फ्लाइट ऑफ ड्रॅगन्स' हा 1982 सालचा, सुमारे 96 मिनिटांचा, हाताने चितारलेला अ‍ॅनिमेशनपट आहे. आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास या अमेरिकन जोडीच्या 'रँकिन-बास' संस्थेने तो दूरचित्रवाणीसाठी तयार केला. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर तो 1986 मध्ये दाखवला गेला. म्हणजे तो तयार होऊन तब्बल चार वर्षे गेल्यावर तेथील प्रेक्षकांना तो घरच्या टीव्हीवर दिसला. चित्रपटगृहात झळकून मग कॅसेटवर उतरलेल्या चित्रपटांची जाहिरात झालेली असते, परीक्षणे छापून आलेली असतात, भिंतीभिंतींवर पोस्टरे लागलेली असतात. या चित्रपटाच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. तो लोकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः व्हिडिओ कॅसेटमधून आणि टीव्हीच्या फुटकळ प्रक्षेपणांतून, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांनी तो बहुधा आठ-दहा वर्षांचे असताना, नाव नीट लक्षात न ठेवता पाहिला. संग्राहकांच्या ओढीचे मूळ येथे आहे. इतर चित्रपटांची कॅसेट ही मूळ वस्तूची स्वस्त प्रत असते. या चित्रपटाच्या बाबतीत कॅसेट हेच त्याचे पहिले घर ठरले.

कथेचे मूळही गमतीचे आहे. इंग्रज लेखक पीटर डिकिन्सन यांचे याच नावाचे पुस्तक 1979 मध्ये निघाले. ते कादंबरी नव्हे. ड्रॅगन खरोखर अस्तित्वात असते तर त्यांचे शरीर कसे चालले असते, याचा गंभीर चेहऱ्याने केलेला तो काल्पनिक जीवशास्त्रीय विचार आहे, आणि वेन अँडरसन यांची चित्रे त्यात आहेत. कथानक मात्र गॉर्डन डिक्सन या दुसऱ्याच लेखकाच्या 1976 सालच्या 'द ड्रॅगन अँड द जॉर्ज' या कादंबरीवरून घेतले आहे. पटकथाकार रोमिओ मुलर यांनी या दोन पुस्तकांची सांगड घातली आणि कथेच्या नायकाला चक्क पहिल्या पुस्तकाच्या लेखकाचेच नाव देऊन टाकले. पडद्यावरचा पीटर डिकिन्सन हा विसाव्या शतकातल्या बॉस्टनमधला तरुण आहे. विज्ञानाची वाट सोडून तो ड्रॅगनांवर पुस्तक लिहीत बसला आहे आणि सोंगट्यांचा एक खेळही त्याने रचला आहे.

तिकडे भूतकाळात चार मांत्रिक भाऊ आहेत. माणसे यंत्र आणि तर्क यांच्या नादी लागल्याने जादूची शक्ती आटत चालली आहे, तेव्हा उरलीसुरली जादू सांभाळण्यासाठी एक वेगळे राज्य वसवावे, असे हिरवा मांत्रिक कॅरोलिनस सुचवतो. लाल मांत्रिक ओमाडॉन ते धुडकावतो. माणसांच्या हातात त्यांचेच विज्ञान देऊन त्यांचा सर्वनाश घडवण्याचा त्याचा बेत असतो. त्याचा लाल मुकुट हिरावून आणण्याच्या मोहिमेसाठी पीटरला भूतकाळात खेचून नेले जाते, आणि एक मंत्र फसल्याने त्याचे मन गॉर्बाश नावाच्या तरुण ड्रॅगनच्या देहात जाऊन बसते. त्यानंतर स्मर्गोल हा म्हातारा ड्रॅगन त्याला ड्रॅगनपणाचे धडे देतो. ड्रॅगन चुनखडी खातो, पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग होऊन हायड्रोजन तयार होतो, त्या वायूने फुगून तो हवेत तरंगतो आणि खाली उतरायचे असेल तेव्हा जास्तीचा वायू पेटवून तोंडावाटे बाहेर सोडतो. ज्वाला फेकणे म्हणजे त्याच्या लेखी ब्रेक लावणेच. शाळेच्या प्रयोगशाळेत चुनखडीवर आम्ल टाकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते की त्यातून हायड्रोजन निघत नाही, कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्या वायूने ड्रॅगन वर जाण्याऐवजी जमिनीलाच चिकटून राहिला असता. तरीही हा प्रसंग मला संपूर्ण चित्रपटातला सर्वांत देखणा वाटतो, कारण अद्भुताचा कार्यकारणभाव शोधण्याचा इतका प्रामाणिक खटाटोप त्या काळच्या मुलांच्या चित्रपटांत क्वचितच दिसतो.

शेवट त्याहून वेगळा आहे. ओमाडॉनसमोर उभा राहिलेला पीटर तलवार उपसत नाही. तो गणिताची सूत्रे, निसर्गाचे नियम आणि एकामागून एक शास्त्रांची नावे उच्चारत जातो आणि मांत्रिकाचे अस्तित्वच नाकारतो. ओमाडॉन नष्ट होतो, पण जादू नाकारणाऱ्याला जादूच्या राज्यात राहता येत नाही, म्हणून पीटरलाही ते जग आणि त्यातली राजकन्या मेलिसांद यांना मुकावे लागते. लहान मुलांसाठीच्या चित्रपटात नायकाच्या विजयाची इतकी रोखठोक किंमत वसूल केलेली असते, हेच अनेकांच्या मनात वर्षानुवर्षे सलत राहिले असावे. (राजकन्या पुढे काय करते, ते येथे सांगत नाही, आपण कॅसेट पाहणार आहात.) मधला भाग मात्र थोडा विस्कळीत आहे. मोहिमेत सामील होणारी पात्रे येत राहतात, संकटे ओळीने उभी राहतात आणि संपतात. त्या अर्ध्या तासात आपले लक्ष उडाले तर स्वतःला दोष देऊ नये.

आवाजांची यादी संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ओमाडॉनचा आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचा. पीटरचा आवाज जॉन रिटर यांचा. शीर्षकगीत डॉन मॅक्लीन यांनी गायलेले. अराघ नावाच्या लांडग्याला आवाज देणारे व्हिक्टर बुओनो 1 जानेवारी 1982 रोजी वारले, त्यामुळे त्यांच्या चाहत्यांसाठी हे अखेरच्या कामांपैकी एक आहे.

आता घिब्लीविषयी. रँकिन-बास संस्थेचे पटकथा, आवाज आणि संगीत हे काम अमेरिकेत होत असे, पण चित्रे काढून हलवण्याचे काम ती जपानकडे सोपवत असे. या चित्रपटाचे अ‍ॅनिमेशन टोकियोतल्या 'टॉपक्राफ्ट' या स्टुडिओने केले. तोएई अ‍ॅनिमेशनमधून बाहेर पडलेल्या तोरू हारा यांनी 1972 मध्ये तो स्थापन केला होता. रँकिन-बाससाठी 'द हॉबिट' (1977) आणि 'द लास्ट युनिकॉर्न' (1982) हेही त्याच स्टुडिओने चितारले. पुढे 1984 मध्ये दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा 'नाउशिका' हा चित्रपट टॉपक्राफ्टमध्येच तयार झाला, 1985 मध्ये स्टुडिओ घिब्ली सुरू झाला आणि हारा यांच्यासह टॉपक्राफ्टमधली काही मंडळी तिकडे गेली. नाते एवढेच आहे. 'द फ्लाइट ऑफ ड्रॅगन्स'मध्ये मियाझाकींचा हात नाही. विक्रीच्या जाहिरातीत कोणी त्यांचे नाव ठळकपणे वापरत असेल, तर तो किंमत फुगवण्याचा डाव समजावा. तरीही हारांच्या स्टुडिओतल्या चित्रकारांनी काढलेले ढग, डोंगरकडे आणि जुनाट किल्ल्यांच्या भिंती पाहताना जाणकाराची नजर थबकते, आणि घिब्लीपूर्व काळाचा मागोवा घेणारे संग्राहक या चित्रपटाकडे वळतात ते याच कारणाने.

राहिला प्रश्न पैशाचा. रँकिन-बासचा 1974 नंतरचा चित्रसंग्रह टेलिपिक्चर्स आणि लोरिमार या कंपन्यांच्या विलीनीकरणातून अखेर वॉर्नरकडे आला. वॉर्नरने 2009 मध्ये हा चित्रपट मागणीनुसार तयार करून देण्याच्या डीव्हीडीवर आणला. त्यामुळे ज्याला केवळ चित्रपट पाहायचा आहे त्याला कॅसेटची गरज उरली नाही आणि कॅसेटीचा दुर्मीळपणा त्या प्रमाणात घटला. आता कॅसेट मागणारा संग्राहक मागतो ते तिचे वेष्टन, त्यावरचे चित्र, वितरकाची छाप आणि विशिष्ट देशातली आवृत्ती. आपल्याकडे चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या हिंदी चित्रपटांच्या पोस्टरांना आणि लॉबी कार्डांना गिऱ्हाईक मिळते. इंग्रजी अ‍ॅनिमेशनपटाची कॅसेट घेऊन गेलात तर दुकानदार ती ट्रान्झिस्टरच्या ढिगावर ठेवून किलोचा भाव सांगण्याची शक्यता अधिक. खरेदीदार परदेशात असतील. तिकडच्या किमती पाहताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे वाचू नयेत, प्रत्यक्ष व्यवहार झालेले आकडे वाचावेत. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

त्याआधी आपली प्रत अस्सल आहे का, हे पाहावे. त्या काळी आखातात आणि मुंबईतही नकली कॅसेटींचा धंदा तेजीत होता. कॅसेटीच्या कण्याकडच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, एक लहान चौकोनी खाच असते. घरी चित्रमुद्रण (रेकॉर्डिंग) करण्याच्या कोऱ्या कॅसेटीत तिथे प्लास्टिकची मोडता येण्याजोगी चकती असते. कंपनीने भरून विकलेल्या कॅसेटीत ती जागा बहुधा मुळातूनच रिकामी असते. चकती शाबूत असेल किंवा मोडल्याच्या खुणा दिसत असतील, लेबलाची छपाई फिकट आणि अक्षरे पसरलेली असतील, तर नकलीचा संशय घ्यावा. वेष्टन चांगले असूनही आतली कॅसेट बदललेली असू शकते, म्हणून दोन्हींवरची नावे आणि क्रमांक जुळवून पाहावेत.

माझे मत विचाराल तर विकू नये. मिळणारी रक्कम पुनर्विकासाच्या भाडेखर्चात एका महिन्यालाही पुरणार नाही. उलट त्या ट्रंकेतल्या लग्न-बारशांच्या कॅसेटी जगात एकेकच आहेत, आणि हात आधी त्यांना लावायला हवा.

प्रश्न : माझ्या बहिणीने 1990 च्या सुमारास अमेरिकेहून अशाच एका अद्भुत कथेच्या अ‍ॅनिमेशनपटाची कॅसेट पाठवली होती. आमच्या जुन्या व्हीसीआरवर ती लावली असता चित्र काळे-पांढरे दिसते आणि खालून वर सरकत राहते. कॅसेट खराब झाली आहे काय? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : कॅसेट बहुधा चांगली आहे, तिची आणि आपल्या यंत्राची पद्धत वेगळी आहे. कॅसेटींच्या काळात भारतात आणि आखातातल्या ओमानसारख्या देशांत दूरचित्रवाणीची पाल पद्धत होती : 625 रेषा आणि सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम). अमेरिकेत आणि जपानात एनटीएससी : 525 रेषा आणि सेकंदाला जवळजवळ 30 चौकटी. केवळ पालसाठी बनवलेल्या यंत्राला अमेरिकन कॅसेटीचा रंग ओळखता येत नाही आणि चित्र स्थिरही धरता येत नाही. आखातातून परतणारे लोक जे 'मल्टी-सिस्टिम' व्हीसीआर घेऊन येत, त्यांवर दोन्ही चालतात. नवा व्हीसीआर मिळण्याची आशा सोडावी, कारण जगातली शेवटची नाव घेण्याजोगी उत्पादक कंपनी असलेल्या जपानच्या फुनाईने 2016 मध्ये उत्पादन थांबवले. लॅमिंग्टन रोडवर आणि चोर बाजारात जुनी यंत्रे पाहायला मिळतात. घेताना आपली एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट सोबत नेऊन तिथेच चालवून पाहावी.

गिरगावच्या वाचकांनाही उपयोगी पडेल असा एक तपशील येथे देतो. साध्या वेगावर एनटीएससी फीत सेकंदाला सुमारे 33 मिलिमीटर सरकते आणि पाल फीत सुमारे 23 मिलिमीटर, त्यामुळे 96 मिनिटांच्या चित्रपटाला पहिल्या पद्धतीत साधारण 192 मीटर फीत लागते, तर दुसरीत 135 मीटर. लेबल फाटले असले तरी खिडकीतून दिसणाऱ्या रिळाच्या जाडीवरून अंदाज बांधता येतो. दुसरी खूण वेळेची. चित्रपटाची मूळ गती सेकंदाला 24 चौकटींची असते. पालमध्ये तो 25 चौकटींच्या गतीने थेट उतरवला तर 96 मिनिटांचा चित्रपट 92 मिनिटांत संपतो आणि आवाजही चढतो. पांढरी एकमध्ये बोलणारा ओमाडॉन काळी एकच्या जवळ जाऊन पोहोचतो. जेम्स अर्ल जोन्स यांच्या खर्जावर जीव टाकणारे काही संग्राहक एनटीएससी प्रतीचाच आग्रह धरतात तो यासाठी. पाल कॅसेटीची वेळ मात्र 96 मिनिटेच भरत असेल आणि हालचालींमागे अंधुक सावल्या दिसत असतील, तर ती एनटीएससी प्रतीवरून इलेक्ट्रॉनिक यंत्राने रूपांतरित केलेली आहे असे समजावे.

यंत्र मिळाले तरी कॅसेट लगेच आत सारू नये. कॅसेटीच्या बाजूचे लहान बटण दाबून पुढची झडप उचलावी आणि फितीची कड व रिळाचा पृष्ठभाग उजेडात तिरपे धरून पाहावा. फीत चकचकीत, एकसारखी काळसर-तपकिरी दिसली पाहिजे. पावसाळ्यात डब्यातल्या पापडांवर धरते तशी पांढरट भुकटी रिळावर दिसली, तर ती बुरशी आहे. मुंबईच्या हवेत चार महिने आर्द्रता इतकी असते की पोटमाळ्यावर राहिलेल्या कॅसेटींपैकी बऱ्याच जणींना तिची बाधा झालेली आढळते. अशी कॅसेट चालवली की बुरशीचे कण यंत्राच्या फिरत्या पिंपावर बसतात, आणि त्यानंतर त्या यंत्रात घातलेली प्रत्येक चांगली कॅसेटही नासते. पालमध्ये ते पिंप मिनिटाला 1500 फेरे घेते, एनटीएससीत 1800, आणि त्यावर बसवलेली चुंबकी हेडे इतकी नाजूक असतात की कापसाची काडी उभी फिरवली तरी तुटू शकतात. बुरशी लागलेली कॅसेट जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावी. निर्धोक दिसणारी कॅसेटही जुलै-ऑगस्टमध्ये चालवू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा पडू द्यावी, आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळावी, मगच पाहावी. नंतर ती उभी ठेवावी, फीत सगळी एका बाजूला गुंडाळलेली असावी आणि डब्यात सिलिका जेलची पुडी असावी. पुडी दर पावसाळ्याआधी बदलली नाही तर तिचा उपयोग नाही.

प्रश्न : अशा विस्मृत चित्रपटाची कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि इतर चाहत्यांसाठी इंटरनेटवर ठेवली तर चालेल का? मूळ कंपनीला त्यात आता काही रस उरला नसावा. — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : उतरवून घेणे आणि जगासमोर मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फीत झिजण्याआधी स्वतःच्या संग्रहासाठी एक प्रत जपून ठेवण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. ती इंटरनेटवर ठेवण्याची बाब मात्र वेगळी. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. 1982 चा चित्रपट घेतला तर हा हिशेब 2042 अखेरपर्यंत जातो. कंपनीचा रस हा निकष कायद्यात नाही, आणि 'द फ्लाइट ऑफ ड्रॅगन्स'सारख्या चित्रपटाची डीव्हीडी हक्कदाराने स्वतः आणलेली असताना रस उरला नाही हे म्हणणेही टिकत नाही.

चाहत्यांना खरोखर उपयोगी पडेल असे काही द्यायचे असेल, तर कॅसेटीविषयीची माहिती द्यावी : कोणत्या देशातली प्रत आहे, वितरक कोण, पद्धत कोणती, घड्याळ लावून मोजलेली वेळ किती, सुरुवातीला कोणत्या चित्रपटांच्या जाहिराती येतात, कुठे प्रसंग कापलेला दिसतो. दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात बसवण्यासाठी कापाकापी झालेले चित्रपट पुष्कळ असतात आणि दोन देशांतल्या प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. हे अशा नोंदींवरूनच उघड होते. मुंबईत आखातातून आलेल्या प्रतींची अशी नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही. गिरगावच्या वाचकांनी आपल्या कॅसेटीच्या वेष्टनावरचा मजकूर, क्रमांक आणि चित्रपटाची वेळ आमच्याकडे लिहून पाठवल्यास पुढील अंकात ती माहिती छापू.